गुळाच्या काहिलीत बसून पाहिलेला तळ

सातारा-सांगलीकडे जाऊन आलो म्हटलं की आमच्या रत्नागिरीची माणसं दोनच गोष्टी विचारतात. कंदी पेढे आणलेत का, आणि महाबळेश्वर केलंत का. पेढे आणले नाहीत. महाबळेश्वर केलं नाही. मी एका धरणावर गेलो होतो. पाच दिवस लागले, आणि पाचही दिवस माझं डोकं सणकलेलं होतं. परत येऊन पंधरवडा झाला तरी ते उतरत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जेटीवरच्या ट्रॉलरांवर मासे शोधायची यंत्रं बसवणं आणि बिघडली की दुरुस्त करणं हे माझं काम. बोटीच्या तळाला एक काळा ठोकळा लावायचा, त्याला आम्ही सेन्सर म्हणतो. तो खाली आवाज सोडतो, तळाला किंवा माशाला आपटून जो पडसाद परत येतो तो ऐकतो, आणि केबिनमधल्या पडद्यावर त्याची खूण उमटते. एवढंच. यंत्राला मासा दिसत नाही, पडसाद ऐकू येतो. तो मासा की खडक की कुणी टाकलेलं फाटकं जाळं, हे ओळखायचं काम माणसाचं. हे मी बारा वर्षं घसा फोडून सांगतोय आणि बारा वर्षं कोणी ऐकत नाही.

त्यात नव्वदीनंतर जी यंत्रं आली त्यांनी कहर केला. त्यांत एक बटण आहे. ते दाबलं की यंत्र स्वतःच ठरवतं आणि पडसादाच्या जागी माशाचं चित्र काढतं. शेपटीसकट मासा! बारीक पडसाद असला तर बारीक मासा, जाड असला तर जाड मासा. गिऱ्हाईक खूष, दुकानदार खूष. असं एक यंत्र आठ महिन्यांपूर्वी सांगलीच्या एका ठेकेदाराने आमच्या दुकानातून नेलं होतं. चित्रं दाखवा म्हणाला, मी दाखवली. आता दुकानाच्या मालकाला त्याचा फोन आला : तुमचा माणूस पाठवा, सरकारी साहेबासमोर यंत्र चालवून दाखवायचं आहे. मालक मला म्हणाला, "जाऊन ये. येण्याजाण्याचं ते बघतील."

सांगली

आंबा घाटाच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. घाट चढून वर आलं की हवा कोरडी होते आणि खारा वास जातो, तो गेल्याशिवाय तो होता हे कळत नाही.

ठेकेदाराला सगळे तात्या म्हणत. कडक इस्त्रीचा सफारी, कपाळाला अष्टगंध. बसल्याबसल्या त्याने भडंगाची परात पुढ्यात ठेवली, वर कांदा, शेंगदाणे, तळलेला लसूण. खोटं कशाला बोलू, भडंग फर्मास होता.

"इंजिनेर, तुमच्या मशीननं कमाल केली बगा," म्हणत त्याने कपाटातून फोटोंचं पाकीट काढलं. यंत्राच्या पडद्याचे फोटो होते. पडदाभर मासे. वरपासून तळापर्यंत मासेच मासे.

मग त्याने सगळी हकीकत सांगितली. वाईच्या वरच्या अंगाला एक धरण आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं अजून नोकरीत आहेत. धरणात ज्यांचं गाव बुडलं त्यातले काही जण लांब पूर्वेकडे माळावर जमिनी दिल्या तिकडे गेले, काही पाण्याच्या कडेलाच राहिले. त्या राहिलेल्यांनी सोसायटी काढली आणि तळ्यातल्या मासेमारीचा ठेका त्यांना मिळाला. आता सोसायटी म्हणत होती, दोन वर्षं झाली, तळ्यात मासाच नाही. मत्स्यखात्याने माशांची पिल्लं सोडल्याचं कागदावर आहे, तळ्यात नाही. आणि तात्याकडे होते हे फोटो.

"मासा हाय का न्हाई, सांगा तुमीच," तात्या फोटोवर बोट आपटत म्हणाला. "मंग त्यो जातोय कुटं? चोरून इकत्यात! सायबानं बी वळकलंय. फोटू फायलीत लावल्यात. ठेका रद्द हुयाचा आन आमाला मिळायचा, फकस्त तज्ज्ञाचा शब्द पायजे. म्हनून तुमाला बोलवलं."

तज्ज्ञ म्हटल्यावर मी जरा फुगलो, हे कबूल करतो. फोटो मी पुन्हा पाहिला. त्यातले मासे एकाच जागी एकावर एक रचल्यासारखे उभे होते. मासे असे उभे राहत नाहीत, हे आमच्या जेटीवरचं शेंबडं पोर सांगेल. मला ते दिसलं. आणि मी काय केलं? भडंगात लिंबू पिळलं. याचा राग मला आज तात्यापेक्षा स्वतःचा जास्त येतो.

मिरज, मग उंब्रज

तात्याच्या जीपमध्ये साहेबासाठीच्या हापूसच्या पेट्या होत्या, म्हणून तज्ज्ञाला जागा नव्हती. मी एसटीने यायचं ठरलं. बरोबर चाचणीसाठी माझी स्वतःची बॅटरी होती, तिची एक पट्टी तुटली. ती जोडून घ्यायला आधी उलटा मिरजेला गेलो. दुकानदार म्हणाला, दोन तास लागतील.

शेजारी तंबोरे करणाऱ्याचं दुकान होतं. सावली होती म्हणून त्याच्या पायरीवर टेकलो. तो म्हातारा तारांखालची हस्तिदंती पट्टी कानशीने एक फेर घासायचा, तार छेडायचा, डोळे मिटून ऐकायचा, मान हलवायचा आणि पुन्हा एक फेर घासायचा. दोन तासांत त्याने एवढंच केलं. ज्याचा तंबोरा होता तो गृहस्थ समोर शांतपणे तपकीर ओढत बसला होता. मला हेवा वाटला. आमचं गिऱ्हाईक यंत्र बसवायच्या आधी डिझेल भरून इंजिन चालू करून बसतं.

उंब्रजला एसटीचं चाक बसलं. ते बदलेपर्यंत बॅटरी कलंडली आणि आतलं आम्ल माझ्या पँटीवर सांडलं. गुडघ्यापाशी वाटीएवढं भोक. हायवेवरच्या चहावाल्याने पाणी दिलं. गडी फौजेतून आलेला होता, मिशीवरूनच कळत होतं.

"किदर जाना है?" त्याने विचारलं, आणि मी मराठीच आहे म्हटल्यावर हसला. धरणाचं नाव काढलं तसा म्हणाला, "त्या मासंवाल्यांकडं? जपून ऱ्हावा. लय चोर लोक. सरकारचा मासा सरकारलाच दिसू देत न्हाईत म्हनं."

"तुम्ही पाहिलंत?"

"म्या कशाला बगतोय? समदी म्हनत्यात."

धरण तिथून दोन तालुके लांब. एका फोटोची बातमी इथवर पोचली होती, आणि तो फोटो माझ्या यंत्राचा होता. चहा मला गोड लागला नाही. भोक पडलेल्या पँटीने वाईत उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घाटावर आरती चालली होती, भटजींनी माझ्या गुडघ्याकडे पाहून नजर वळवली. लॉजवाल्याने खोली दिली, पण आगाऊ सांगितलं की मासे-मटण आणायचं नाही. आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवूनही दुपारी सुरमई होते. इथे नदी दाराशी आणि मासा वेशीबाहेर.

धरणावर, पहिला दिवस

एप्रिल संपत आला होता. पाणी पार खाली गेलेलं. कडेचा गाळ वाळून तडकलेला, आणि त्यातून जुन्या बांधांच्या ओळी वर आलेल्या. साहेब खुर्ची टाकून छत्रीखाली बसले होते. अंगाने बारीक, आवाजाने मऊ. पलीकडे सोसायटीची पंधराएक माणसं जमिनीवर बसली होती. त्यांचा चेअरमन ज्ञानूबा, साठीचा, धोतर गुडघ्यावर. शेजारी त्याची बायको सरूआक्का. ती वाईच्या बाजारात मासे विकायला बसायची. कोणी माझ्याशी बोललं नाही. मी तात्याच्या बाजूचा, हे त्यांना ठाऊक होतं.

तात्याच्या फायबरच्या बोटीपाशी गेलो, मागे वाकून सेन्सर पाहिला आणि तोंडातून शिवीच निघाली. सेन्सरला शेंदूर फासला होता! तेलात कालवून, बोटभर जाड. त्यावर हळदकुंकू, आणि वर झेंडूची वाळलेली माळ सुतळीने घट्ट बांधलेली.

"हे काय आहे?"

"दसऱ्याला पूजा केल्ती," तात्या म्हणाला. "सांगलीला समद्या मशिनींची करतो की. ट्रॅक्टर, चरक, मोटारी. हे बी मशीनच हाय."

"अहो तात्या, हा त्याचा कान आहे! कानात शेंदूर भरलात आणि वर फुलं कोंबलीत. त्या फुलांत हवा अडकते. हवेतून पडसाद येत नाही."

"म्हनूनच आवाज वाढवलाय त्येचा. पैल्यांदा काय बी दिसंना. मंग त्ये बटान फुल्ल केलं, तवा मासं आलं."

पडदा चालू केला. यंत्र किती बारीक ऐकतं ते ठरवणारं बटण पार टोकाला. एवढं वाढवल्यावर पाण्यातला गाळ, बुडबुडा, पानपान, सगळंच पडसाद द्यायला लागतं. रेडिओचा कान पिळून स्टेशन लागत नाही म्हणून नुसता आवाज वाढवला तर खरखरच मोठी होते, तसं. आणि चित्रांचं बटण चालू, म्हणजे त्या प्रत्येक खरखरीचा एक मासा. माझं टाळकं फिरलं. "हे चित्रांचं बटण कोणी चालू केलं?" मी ओरडलो.

मला वेड लागलंय अशा नजरेने तात्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमीच की. दुकानात. त्या बटनाला आमी हात बी लावल्याला न्हाई."

खरं होतं. खोल खाऱ्या पाण्याचं माप, समुद्राच्या खोलीचा पडदा, चित्रं चालू. दुकानात शोभेला ठेवलेलं यंत्र मी तसंच खोक्यात घालून दिलं होतं. कुठल्या पाण्यात चालवणार, हे विचारलंसुद्धा नव्हतं.

शेंदूर खरवडला. चित्रं बंद केली. बटण खाली आणलं. बोट पाण्यात काढली, पण सेन्सर पंख्याच्या शेजारीच ठोकलेला. इंजिन चालू झालं की फेसाने पडदा पांढऱ्याचा काळा व्हायचा. इंजिन बंद करा म्हटलं तर वारा बोट फिरवायचा. सेन्सर पुढे घेऊया म्हटलं तर तात्या भडकला. नव्या बोटीला भोक पाडू देईना.

साहेब काठावरून म्हणाले, "मग काय समजायचं? आधी मासे दिसत होते, तुम्ही हात लावल्यावर दिसेनासे झाले. यंत्र बिघडवलंत का?"

मी काहीतरी वाईट बोलणार होतो, तेवढ्यात मागून ज्ञानूबा म्हणाला, "सायेब, आमची काईल हाय. तिला इंजान न्हाई आन फेस बी न्हाई."

काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवतात ती लोखंडी कढई, दोन माणसं आडवी झोपतील एवढी. धरण झालं, ऊस गेला, गुऱ्हाळं गेली. काहिली राहिल्या. तळ्याकाठचे हे लोक त्यांतच बसून जाळी टाकतात. मला हसू आलं आणि रागही आला. समुद्रावरचा मी माणूस, आणि गुळाच्या कढईत बसून यंत्र चालवणार! साहेब म्हणाले, "बघू उद्या सकाळी." आणि आंब्याच्या पेट्या मोजायला... नाही, उतरवून घ्यायला गेले.

दुपारी मी उपाशीच होतो. तात्याने विचारलं नाही. ज्ञानूबाने विचारलं. त्यांच्या छपरात ज्वारीची भाकरी, ठेचा आणि परतलेली सुकट. पहिल्या घासाला मी थबकलो. ही सुकट आमच्याकडची. आमच्या वाळवणांवरची, खारी, वाळूसकट.

"मासेमारांच्या घरी विकतची सुकट?" मी विचारलं.

"मंग काय खानार?" सरूआक्का फणकारली. "चोरल्यालं मासं सारं इकून टाकलं न्हवं!" आणि मग एकदम सुटली. सहा महिने झाले, बाजारात तिच्या शेजारी भाजीवाल्या बसत नाहीत. दोनदा खात्याच्या माणसाने एसटी स्टँडवर चोर चोर ओरडत तिची पाटी सगळ्यांसमोर उलटी केली. कोणाला भाव विचारला तरी लोक म्हणतात, चोरीचा माल स्वस्तात दे की. "वाटीभर चिलापी असायच्या पाटीत. म्हाताऱ्याच्या कालवनापुरत्या. माज्या बापानं जल्मात कुनाची काकडी तोडली न्हाई, आन मी चोर!"

मी खाली मान घालून भाकरी खाल्ली. यंत्र कोणी दिलं हे सांगायची माझी छाती झाली नाही.

धरणावर, दुसरा दिवस

सकाळी वारा नव्हता. सेन्सर मी वेळूच्या काठीला बांधला आणि काहिलीच्या कडेवरून सरळ खाली सोडला. आम्ही चौघं बसलो. मधे मी आणि साहेब, मांडीवर पडदा. दोन बाजूंना ज्ञानूबा आणि सरूआक्का, हातात फळकुटं. काहील गोल असल्यामुळे एका बाजूने वल्हवलं की जागच्या जागी गिरकी घेते. दोघांनी एकमेकांकडे न बघता एकाच तालात हात मारायचा असतो, तेव्हा ती सरळ जाते. ही दोघं तशी जात होती. साहेबांनी मात्र दोन्ही हातांनी कड धरून ठेवली होती.

आणि पडदा? वा! बोटीत फेस, थरथर, खडखड. काहिलीत काही नाही. चित्रं बंद. खोलीचं माप समुद्राचं काढून गोड्या पाण्याचं लावलं, पडदा फक्त तळापर्यंतच ठेवला, म्हणजे खूण मोठी दिसते. मग बारीक ऐकायचं बटण खाली खाली आणत गेलो, वरच्या पाण्यातली धूळ पडद्यावरून नाहीशी होईपर्यंत, आणि नाहीशी झाली तिथे एक खाच वर थांबलो. तळाची रेघ काळीभोर, सुबक उमटली. एवढं स्वच्छ मला समुद्रात कधी मिळालं नव्हतं.

ज्ञानूबाची पाठ पडद्याकडे होती. तो डोंगराकडे बघत होता. "त्यो सुळका आन त्यो लिंब येका रेघंत आला," तो म्हणाला. "आता खाली शाळंची चिंच यील."

मी साहेबांना म्हणालो, "पडदा बघा. मला काही विचारू नका."

तळाच्या रेघेतून एक जाड झुबका वर आला, उभा राहिला, संपला.

"आली," साहेब पुटपुटले.

"आता पाटलाची इहीर." तळाची रेघ एकदम खाली कोसळली आणि परत वर आली.

"आता आमराय. पाच झाडं. चवथं न्हाई."

एक झुबका. दोन. तीन. मग मोकळा तळ. मग पाचवा. साहेबांनी बोटांवर मोजलं आणि बोटं तशीच धरून बसले.

"चवथं आमचं," सरूआक्का वल्हवता वल्हवता म्हणाली. "दिराच्या लग्नात मांडवाला तोडलं. बाकीची तोडायचा ठेका दिल्ता म्हनं सरकारनं. तोडनारा कडंची तोडून गेला. जाळं फाटतंय म्हनून आमी हितं टाकतच न्हाई."

ही माणसं मासेमारीच्या जागांना शेताच्या नावाने ओळखतात. शाळेवर टाकू, मळ्यावर टाकू, खळ्यावर मिळाला. खालचं गाव त्यांना डोळे झाकून पाठ आहे, कारण ते त्यांचंच आहे. आणि साहेबांच्या फायलीत तीच आमराई मासे म्हणून लागली होती.

मी साहेबांना म्हणालो, "आता गंमत बघा." काहील आमराईवर थांबवायला लावली, बटण टोकाला नेलं आणि चित्रं चालू केली. पडदा माशांनी भरला. फांदीफांदीला मासा. तात्याचा फोटो, हुबेहूब. चित्रं बंद केली, बटण खाली आणलं. पाच जागी चार झाडं.

"आणि खरा मासा?" साहेबांनी विचारलं.

"तो दिसला तर कमानीसारखा दिसतो. अख्ख्या फेरीत तीन कमानी आल्या. तिन्ही बारीक."

आम्ही परत काठाकडे वळलो. साहेबांच्या मनात खात्याने सोडलेली पिल्लं असणार. कागदावर लाखांनी, तळ्यात तीन कमानी.

काठावर उतरल्यावर मऊ आवाज परत आला. "पटतंय हो मला. पण फायलीत फोटो आहेत. मासे असल्याचा फोटो लावता येतो, नसल्याचा फोटो कसा लावू? तुम्ही लेखी द्या."

तात्याने मला दंडाला धरून बाजूला नेलं. "इंजिनेर, तुमाला आमी बोलवलंय. हे काय चालवलंयसा? तुमच्या मालकाला मी फोन लावला तर उद्या तुमी जेटीवर जाळी विणत बसाल."

"लावा," मी म्हणालो. रागात म्हणालो. आणि साहेबांकडे कागद मागितला.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं : 'सदर यंत्राची मांडणी या जलाशयास योग्य नसल्याने बुडालेली झाडे मासे म्हणून दिसली.' सही करणार, तेवढ्यात सरूआक्का पुढे आली. तिला वाचता येत नव्हतं.

"वाचून दावा."

दाखवलं.

"मांडनी कोनी केल्ती ती?"

मी तात्याकडे बघितलं. शेंदराचं नाव घ्यायला जीभ वळवळली. पण शेंदराने मासे दिसत नाहीत, दिसेनासे होतात. चित्रं माझी होती. फोटो बघून गप्प बसणारा मी होतो.

"मी," म्हणालो. "दुकानात मीच करून दिलं होतं."

"मंग तसं लिवा की!"

कागद फाडला. दुसरा घेतला. यंत्र मी समुद्राच्या मापावर आणि चित्रं चालू ठेवून दिलं, कुठे वापरणार ते विचारलं नाही, त्यामुळे झाडं मासे म्हणून दिसली, चूक माझी, सोसायटीने मासे चोरल्याचा या यंत्रातून कसलाही पुरावा मिळत नाही. खाली नाव, पत्ता, सही. साहेबांनी दोनदा वाचलं, घडी केली आणि म्हणाले, सोसायटीचा ठेका आहे तसा राहू द्यावा असं वर कळवतो. तात्या हसला. "ऱ्हाऊ द्या की. रिकामं तळं घिऊन मी काय त्यात म्हसरं धुवू?" आणि जीप घेऊन गेला. मासा होता तोवर ही माणसं चोर होती. मासा नाही म्हटल्यावर ना तळं कोणाला हवं होतं, ना ही माणसं. माझ्या हाताच्या मुठी वळल्या, पण मारायला कोणी उरलं नव्हतं.

ज्ञानूबाने हात जोडले. मला बरं वाटलं. वाटलं, झालं काम, आता निघावं.

"कुटं निगालासा?" सरूआक्का म्हणाली. "कागुद सायबाच्या फायलीत ग्येला. बाजारातल्या बाया काय फाईल वाचाय जात्यात व्हय? त्याचीच नक्कल लिवा. उद्या बाजार हाय."

वाई, बाजाराचा दिवस

बाजाराच्या पार टोकाला, भाजीवाल्यांच्या पुढे रिकामी जागा सोडून तिची जागा होती. पाटीत पाच-सहा चिलापी. तिने मला पाटीशेजारी उभं केलं आणि भाजीवाल्यांना हाक मारली, "आवो बायांनो, हिकडं या! ह्ये रत्नांग्रीचं इंजिनेर. ज्या मशीननं आमाला चोर केलं, त्ये ह्यांचं. काय म्हनत्यात ऐका."

बायका जमल्या. मिरच्या निवडणारी उठून आली. दोन गिऱ्हाइकं थांबली, एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. माझ्या पँटीला अजून ते भोक होतं. आयुष्यात एवढा संताप मला कधी आला नाही. तात्याचा, साहेबाचा, त्या शेपटीवाल्या चित्रांचा, बाजारात उभं करणाऱ्या या बाईचाही. ती बरोबर होती, म्हणून तिचा सगळ्यात जास्त.

मी कागद उघडला आणि वाचायला लागलो. समुद्राचं माप मोठ्याने वाचलं, झाडं मोठ्याने वाचली. 'चूक माझी' या शब्दांशी आलो आणि आवाज आपोआप खाली गेला.

"आयकू आलं न्हाई," मिरचीवाली म्हणाली.

सरूआक्काने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पाटीतल्या चिलापींवर पाणी शिंपडत होती. "मोट्यानं वाचा," ती म्हणाली. "पाटी उलटी क्येली तवा समद्यांनी आयकलं हुतं."